सगळ्यांची एक जून

माणसं अशी सगळी एकाच तारखेला जन्मत नसतात. एवढं एक वाक्य, आणि त्याच्या मागेपुढे आणखी दोन : तुमची माहिती बनवलेली दिसते, ही तक्रार बंद करत आहोत. खाली नाव, मार्टिन. बारा दिवस वाट पाहून आलेलं उत्तर. माळीवेशीतल्या सायबर कॅफेत, फळ्या ठोकून केलेल्या त्या खणात बसून प्रणितानं ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचताना तिचे कान तापले. अगदी खरोखर तापले, तापातल्यासारखे. बनवलेली म्हणे! तिकडे कुठल्या तरी थंड देशात काचेच्या खिडकीशी बसून, कॉफीचा घोट घेत हा बाबा ठरवणार, बीड जिल्ह्यातली माणसं खरी का खोटी. तिला एकदम वाटलं, पडद्यात हात घालावा आणि त्याला बखोटीला धरून आष्टीच्या बाजारात उभा करावा. विचार म्हणावं एकेकाला, बाबा तू कधी जन्मलास? बघू किती जण तारीख सांगतात. "मेल्या," ती मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या घरी असेल खरी माहिती." शेजारच्या खणातला पोरगा दचकला, कॅफेवाल्यानं मान वळवून विचारलं, "काय झालं ताई, लाईन गेली का?" लाईन गेली नव्हती. लाईन व्यवस्थित होती, म्हणून तर हे इतक्या लांबून येऊन कानाखाली बसलं होतं. तिनं उत्तर कागदावर छापून घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि ती बाहेर डिसेंबरातल्या उन्हात आली.

उद्या सकाळी डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. रिक्षा न करता ती पायीच निघाली, कारण रिक्षात बसलं की राग बसतो आणि तिला तो बसू द्यायचा नव्हता. नगर रस्त्यावरच्या त्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात ती मार्चमध्ये लागली तेव्हा तिथला संगणक दोन वर्षं गादीच्या जुन्या खोळीखाली झाकलेला होता. झाकायचं कारण एक पत्र. चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल कुठल्याशा कंपनीचं, लाल शिक्का मारलेलं पत्र आलं, विश्वस्तांची पाचावर धारण बसली आणि मशीन बंद. देशाची दारं उघडली, बाजार खुला झाला, पेपरात रोज तेच. पण त्या दारातून बीडच्या धर्मादाय दवाखान्यापर्यंत पहिलं काय आलं तर नोटीस. तिनं एका मासिकाबरोबर आलेली चकती आणली. पेबल नावाची ऑपरेटिंग सिस्टीम, फुकट, आतलं सगळं उघडं, जगभरातल्या दोन-तीनशे हौशी माणसांनी मिळून केलेली. बीडमध्ये कुणी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. पुण्यातदेखील कुणाला माहीत नव्हतं. पण ती जुन्या चारशेशहाऐंशी मशीनवर कुरकुर न करता उभी राहिली आणि प्रणितानं रुग्णांच्या नोंदवहीचा जुना प्रोग्रॅम तिच्यावर बसवायला घेतला. आठ महिने ती तेच करत होती. सून नव्या घरी नांदवावी तसं ते काम. जुन्या घरी तो प्रोग्रॅम कुणाला न विचारता थेट पडद्यावर जाऊन लिहायचा. इथे विचारून लिहावं लागायचं. जुन्या घरी छपाईयंत्र हाकेला ओ द्यायचं. इथे आधी त्याची ओळख करून द्यावी लागली, आणि तरी ते पंधरा दिवस प्रत्येक ओळीनंतर एक कोरं पान सोडत बसलं. एकेक अडचण तिनं नखानं उकरून काढली. आणि शेवटी, सगळं जमलं असं वाटत असताना, यादी लावायच्या वेळी प्रोग्रॅम मटकन खाली बसला.

आणि यादी हेच तर सगळं होतं. पुण्याहून डॉक्टर एका दिवसासाठी यायचे, सोबत डोळ्यात बसवायची चाळीस भिंगं आणायचे. चाळीस म्हणजे चाळीस. डोळ्यात मोतीबिंदूचा पडदा आलेली माणसं मात्र नोंदवहीत सातशेवर वाट पाहत होती. म्हणून नियम : ज्याचं वय जास्त तो आधी, आणि वय सारखं असेल तर ज्याची नोंद आधी त्याचा नंबर आधी. मशीन चालू होतं तोवर हा नियम चालला. मशीनवर खोळ पडली आणि मागच्या दोन शिबिरांच्या याद्या व्यवस्थापक सुंदररावांनी हातानं लिहिल्या. हातानं लिहिलेल्या यादीत अर्जुनरावांच्या गावची माणसं कशी काय सगळी वर आली, हे कुणी विचारलं नाही. अर्जुनराव विश्वस्त, जिल्ह्यातलं वजनदार नाव. सुंदरराव वाईट माणूस नव्हते. दवाखान्यात लाईट गेली तर म्हाताऱ्यांना स्वतः धरून संडासापर्यंत न्यायचे. पण फोन आला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "म्याडम, फोन येतो. फोनला न्हाई कसं म्हणायचं?" असं त्यांनी तिला एकदा विचारलं होतं, आणि खरोखर उत्तर हवं असल्यासारखे ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले होते.

एक जून. चालता चालता तिनं ते मनाशी म्हणून पाहिलं आणि तिच्या उजव्या हाताला डाव्या कानाची आठवण झाली. तलवाड्याची शाळा, बाहेर चपला, आत त्रिंबक गुरुजी. तिचे वडील, सिद्धेश्वर, किराणा दुकानातलं गिऱ्हाईक सोडून तिला घेऊन आलेले, हाताला गुळाचा वास. गुरुजी म्हणाले, "हात डोक्यावरून घाल आन पल्याडचा कान धर बघू." तिनं धरला. कानाची पाळी कशीबशी बोटांत आली, आणि गुरुजी म्हणाले, आली की शाळेच्या वयाची. जन्मतारीख? वडिलांनी डोकं खाजवलं. आई, नीलाबाई, घरी असती तर तिनं सांगितलं असतं. ती आजही सांगते, पोळ्याच्या करीला झालीस तू, बैलांच्या शिंगाचा रंग वाळला नव्हता अजून. पण बायकांनी शाळेत यायची रीत नव्हती आणि वडिलांना आठवत होतं ते एवढंच, की त्या साली तूर चांगली झालेली. गुरुजींनी बोरूसारखं टोक असलेलं पेन शाईत बुडवलं आणि लिहिलं, एक जून. तिच्या पुढच्या पोराचं एक जून. मागच्या पोरीचं एक जून. जूनमध्ये शाळा उघडते, त्या दिवशी सहा पुरी झाली पाहिजेत, झाली, संपला हिशेब. त्या दिवशी अख्खा वर्ग एकाच तारखेला जन्मला आणि गुरुजींनी कुणाला पेढा दिला नाही. तिला त्या वेळी त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. बारावीला, औरंगाबादच्या कॉलेजात, सुट्टीतल्या जादा तासाला, एका मुलीनं तिला वाढदिवसाचं कार्ड दिलं एक जूनला, आणि ती ते हातात धरून खुळ्यासारखी उभी राहिली. हे कुणाचं, असं तिला विचारावंसं वाटलं होतं.

आणि दवाखान्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी तर शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांना वय विचारलं की ती वर आढ्याकडे बघायची आणि म्हणायची, "लिवा की साठ." साठ म्हणजे म्हातारपण आलं, एवढाच त्याचा अर्थ. पंच्याण्णव साली नोंदवही मशीनमध्ये चढवली तेव्हा चढवणाऱ्यानं साठमधून तारीख काढली : एक जून एकोणीसशे पस्तीस. अकरा हजार नोंदी, त्यातले सहा हजार दोनशे अकरा जण एकाच दिवशी जन्मलेले. हे प्रणितानं शोधून काढलं होतं रात्रीचा दिवस न करता, निव्वळ चिकाटीनं, नोंदी अर्ध्या-अर्ध्या करत. पाचशे नोंदींवर प्रोग्रॅम चालतो. तीन हजारांवर चालतो. अकरा हजारांवर पडतो. मग हळूहळू कळलं, आकडा मोठा म्हणून नाही, पस्तीस साल आलं की पडतो. पेबलच्या पोटात क्रम लावणारा एक तयार तुकडा होता. तो काय करायचा, तर ढिगातला पहिला दाणा उचलायचा आणि बाकीच्यांचे दोन ढीग करायचा, याच्यापेक्षा लहान इकडे, मोठे तिकडे. मग त्या ढिगांचे पुन्हा तसेच. छान. पण सगळे दाणे एकसारखे असले तर? एका बाजूला सगळे, दुसऱ्या बाजूला कुणी नाही. चाळण हलवत बसा, खाली काही पडत नाही. तो बिचारा एकेक दाणा बाजूला काढत, अर्धवट राहिलेल्या कामाची चवड डोक्यावर रचत जायचा, आणि सहा हजारांची चवड झाली की चवडीसकट कोसळायचा. नोंदीचा क्रमांक तारखेला जोडून पाहिला, तरी पडला. कारण आधीच ओळीत नीट उभ्या असलेल्या माणसांपुढेही तो असाच गांगरायचा. हे सगळं तिनं इंग्रजीत, डिक्शनरी उघडून, अदबीनं लिहून पेबल सांभाळणाऱ्या मार्टिनला पाठवलं होतं. साहेब, तुमच्या तुकड्यात असा असा दोष आहे. आणि साहेबांनी काय पाहिलं? दोष नाही पाहिला. तारखा पाहिल्या.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात साखराबाई बसलेली होती. आष्टीच्या पलीकडच्या वस्तीवरून ती आदल्या दिवशीच येऊन बसायची, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी, सोबत कुणी नाही. एक डोळा गेलेलाच, पिठूळ पांढरा. दुसऱ्यातून अजून माणसाचा आकार दिसायचा, चेहरा नाही. हयात ऊसतोडीत गेलेली. दोन शिबिरांना आली, दोन्ही वेळा संध्याकाळी "भिंगं संपली" ऐकून एस. टी. पकडून परत गेली. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं. "आलीस का माय? झालं का तुजं मशीन?" प्रणिता म्हणाली, "होतंय मावशी." मग थांबून, राग अजून कानात असल्यामुळे, जरा तडकूनच तिनं विचारलं, "मावशी, नाव नोंदवताना तुमी सत्तर काहून न्हाई सांगितलं? तव्हाच नंबर लागला असता." साखराबाई हसली. दात थोडे, पण हसू भरपूर. "आगं, सत्तर म्हणलं असतं तर मुकादमानं टोळीत घेतलं असतं व्हय? त्याला तर मी पन्नासच सांगितलंय. तुमाला साठ सांगितलं ते बी भीत भीत." प्रणितानं पर्समधला कागद काढला. ती आत गेली.

सुंदररावांनी कागद वाचून घेतला, म्हणजे तिच्याकडून अर्थ विचारून घेतला, आणि त्यांच्या कपाळावरची आठी सरळ झाली. "आता बघा म्याडम, तो गोरा बी तेच म्हणतोय जे मी म्हणतोय. टाका की कुठल्याबी तारखा! कुणाला जानेवारी, कुणाला दिवाळी. कोण बघायला येतंय? साल तेवढं ऱ्हाऊ द्या." ती म्हणाली, "खोट्या तारखा टाकायच्या?" ते म्हणाले, "आताच्या काय खऱ्या हायत?" आताच्या काय खऱ्या आहेत? पोळ्याच्या करीला जन्मलेली ती इथे एक जूनची होऊन बसलीच होती. शिबिर उद्यावर. मार्टिनला हवी तशी माणसं करून दिली, वर्षभर पसरलेली, कुणी मार्चची कुणी ऑगस्टची, तर प्रोग्रॅम धावेल, यादी निघेल, आणि हातानं लिहिलेली यादी टळेल. तिनं दहा ओळी लिहिल्या. मशीननं साल तेच ठेवून प्रत्येकाला मनाला येईल तो दिवस वाटून टाकला. सहा हजार दोनशे अकरा माणसांना डोळ्याचं पातं लवायच्या आत वाढदिवस मिळाले. यादी लावायला सांगितली, आणि इतके दिवस पडणारा प्रोग्रॅम पाच सेकंदांत उभा राहिला. छपाईयंत्र करकरलं. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला, झालाच. मग तिनं इंग्रजी अक्षरांतल्या नावांवरून बोट फिरवत साखराबाईला शोधलं. साखराबाईला मशीननं नोव्हेंबर दिला होता. नंबर तीनशे अडुसष्ट.

"आता कसं!" सुंदरराव तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "एकदम नामी. आन म्याडम, सगळ्यांच्या तारखा न्याऱ्या न्याऱ्या झाल्यावर..." त्यांनी आवाज बारीक केला, तोच तो फोनवरचा आवाज, "दोन-चार नावं आपण जानेवारीत सरकवली, तर मशीनच म्हणंल की हे थोरले. आपल्यावर बोल न्हाई." ते लबाडीनं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. त्यांना सुटका दिसली होती. फोनला नाही म्हणायची गरजच उरणार नव्हती. प्रणिता त्या कागदाकडे पाहत राहिली. एक जून खोटी होती, मान्य, शंभर वेळा मान्य. पण ती सगळ्यांना सारखीच खोटी होती. तिच्यात कुणाचा वशिला नव्हता. मुकादमाच्या भीतीनं साठ सांगणारी आणि आढ्याकडे बघून साठ सांगणारा, दोघं एका ओळीत उभे होते, आणि मग फक्त आधी कोण आलं एवढंच विचारलं जात होतं. त्या तारखेनं निदान एवढा न्याय केला होता. आणि तो न्याय मोडायला कोण निघालं होतं, तर तीच! मार्टिनचा राग, सुंदररावांचा राग, लाल शिक्क्याच्या पत्राचा राग, सगळा फिरून तिच्यावरच आला. कान पुन्हा तापले. "न्हाई," ती म्हणाली. "काय न्हाई?" "हे चालणार न्हाई. जुन्या तारखा मी परत घालणार. माझ्याकडं जुनी प्रत हाय." सुंदरराव म्हणाले, "मग यादी?" ती म्हणाली, "देते. सांजेला." "आन न्हाई झाली तर हातानं लिवायची वही काढतो मी," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले, शेंगा फोडत.

जुन्या तारखा जागेवर बसल्या आणि दीडला लाईट गेली. जनरेटरचं डिझेल उद्याच्या ऑपरेशनसाठी राखलेलं. मग तिनं ती खोटी यादीच उलटी केली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायला बसली. पेबलचा तुकडा वापरायचाच नाही, आपला लिहायचा. ढीग पाडायचे नाहीत. दोन-दोन माणसं शेजारी उभी करायची, थोरलं पुढे. मग दोन जोड्या मिळून चार, चारचे आठ, अशा ओळी ओळींत मिसळत जायच्या. दोघं सारखे असले तर आधी आलेला आधी, त्याला धक्का लावायचा नाही. डोक्यावर चवड नाही, कोसळणं नाही. कुठलंही पुस्तक सांगेल असं साधं काम; ते नवं नव्हतं. पण लिहिता लिहिता तिला वाटत होतं, हे त्या मार्टिनला कसं सुचलं नाही, सारखी माणसं येतील म्हणून? त्याच्या जगात दोन माणसं सारखी नसतातच का? त्याच्या आईनं दवाखान्याच्या कार्डावर त्याचा तास, मिनिट, वजन लिहून ठेवलं असेल. प्रत्येकाला आपली आपली तारीख, आपला आपला केक. आणि इथे एवढी माणसं आयुष्यभर एका तारखेच्या छपराखाली दाटीवाटीनं राहिली आणि कुणाला कळलंही नाही. तिला त्रिंबक गुरुजींचाही राग आला, मेलेल्या माणसाचा. काय बिघडलं असतं हो, एक दिवस थांबून आयांना बोलावलं असतं तर? प्रत्येकीनं सांगितलं असतं : हिचा जन्म हुरड्यात, ह्याचा महादेवाच्या जत्रेत, हिची वेळ तर मध्यान्हीची, चुलीवर दूध उतू चाललेलं. सगळ्या तारखा होत्या. गावात होत्या, आयांच्या तोंडी होत्या. कुणी विचारल्या नाहीत. पेन्सिलीचं टोक मोडलं. तिनं ते ब्लेडनं तासलं आणि पुढे लिहू लागली.

लाईट साडेचारला आली. दोनदा चुकलं, एकदा तर तिनं सगळ्यांना उलट्या क्रमानं लावलं, तरणे पुढे. सहा वाजायच्या सुमारास अकरा हजार माणसं मशीनमधून एकदा सरळ गेली, आणि प्रोग्रॅम पडला नाही. तिनं वाट पाहणाऱ्यांतली पहिली चाळीस नावं छापली. सुंदरराव कागदाकडे बघत म्हणाले, "कोण कोण?" तिनं वाचली. अर्जुनरावांच्या गावची दोनच होती, आणि ती दोन्ही ऐंशीच्या वरची, हक्काची. सुंदररावांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "मशीननं लावलंय म्हणून सांगतो फोनवर," आणि शेंगांची टरफलं गोळा करू लागले. तिनं कागद पुन्हा पाहिला. पहिली तेहतीस सत्तर-ऐंशीची. मग साठवाली, नोंदीच्या क्रमानं, साखराबाईसारखीच मागे दोनदोनदा ढकललेली. चाळीस, सटवा. साखराबाई नव्हती. तिनं पुढची नावं पडद्यावर काढली. एक्केचाळीस, साखराबाई.

सटवाची नोंद साखराबाईच्या आधी चार दिवसांची होती. चार दिवस. प्रणिता पडद्यासमोर बसून राहिली आणि हळूहळू तिला कळलं, आपला हात कुठे चाललाय. साखराबाईच्या नोंदीवर, तारखेच्या घरात. एक जूनच्या ऐवजी एकतीस मे. एकच दिवस. अख्ख्या नोंदवहीत एकच माणूस मे महिन्यात जन्मलेलं, आणि ते सटवाच्या पुढे. बाहेरून साखराबाईचा खोकला ऐकू येत होता. कोण बघायला येतंय, हे शब्द तिनं मनात म्हटले आणि ते सुंदररावांच्या आवाजात ऐकू आले. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं भांडून, एवढं करून, शेवटी खरं तेच झालं, आणि खऱ्यानं तिला काय दिलं? एक्केचाळीस! ज्या बाईसाठी हा सगळा अट्टाहास चाललाय असं ती दिवसभर स्वतःशी म्हणत होती, त्या बाईला तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या तुकड्यानं बाहेर ठेवलं. तिनं हात मांडीवर ओढून घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मग मशीन बंद केलं. बाहेर जाऊन सांगायचं धैर्य तिला झालं नाही. ती मागच्या दारानं घरी गेली.

सकाळी आठला व्हरांडा माणसांनी भरलेला. नावं इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे तिनंच वाचायची. एकेक नाव घेतलं की गर्दीतून "हाय, हाय" असा आवाज यायचा, कुणी तरी उठवून उभं करायचं. चाळीस झाली. सटवा, काठी आपटत, नातवाच्या खांद्याला धरून आत गेला. प्रणितानं कागद खाली घेतला आणि ती साखराबाईपाशी जाऊन उकिडवी बसली. "मावशी, तुमचा नंबर एक्केचाळीस आला." साखराबाई म्हणाली, "म्हंजी?" "म्हंजी... एकानं गेला." तिनं वाट पाहिली. ओरडेल, रडेल, निदान एक शिवी देईल. तिला ती शिवी हवीच होती. साखराबाईनं बऱ्या डोळ्यानं तिच्या आकाराकडे पाहिलं. "माज्या म्होरं कोण हाय?" "सटवा. मादळमोहीचा. त्यांनी तुमच्या आधी चार दिस नाव लिवलंय." "आत्ता गेला तो? काठीवाला?" "हो." "त्याचे दोन्ही गेलेत." साखराबाईनं दाराकडे मान वळवली. "मधी कुणी घुसलं न्हाई ना?" "न्हाई मावशी. कुणी न्हाई." "मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दोन डाव परत गेलते, कुणापायी गेले ते कुणी सांगितलं न्हाई. आज निदान माणसाचं नाव तरी कळलं." मग तिनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि प्रणिताच्या हातावर ठेवला. "पुढल्या टायमाला मी पयली का?" प्रणिता म्हणाली, "पुढल्या खेपेला मी स्वतः..." आणि थांबली. पुढल्या खेपेला सत्तरीची आणखी किती येतील, तिला माहीत नव्हतं. पुढच्या शिबिरापर्यंत तो डोळा टिकेल का, तेही नाही. आणि साखराबाई शांतपणे चावत बसलेली. प्रणिताला तिची ती शांतता सहन होईना. हिला राग का येत नाही? चाळीसच भिंगं का, एवढा तरी राग? तो सगळा राग एकटीनं आपणच वाहायचा का?

ती तशीच तडक माळीवेशीत गेली, भाकरीचा तुकडा अजून मुठीत. कॅफेवाला नुकतं शटर वर करत होता. "ताई, एवढ्या सकाळी?" ती खणात बसली. रात्रभर तिनं डोक्यात दोन पानांचं पत्र लिहिलं होतं, त्यात गुरुजी होते, मुकादम होता, केकसुद्धा होता. आता एकही वाक्य आठवेना. तिनं पर्समधल्या फ्लॉपीवरून प्रोग्रॅमचा कालचा तुकडा पत्राला जोडला आणि डिक्शनरी न उघडता लिहिलं :

माहिती खरी आहे. सहा हजार दोनशे अकरा माणसांची तारीख एक आहे, कारण त्यांना कुणी विचारली नाही. माझीही तीच आहे. तुमचा तुकडा त्यांच्यापुढे कोसळतो. सोबतचा कोसळत नाही, तो घ्या. त्यानं लावलेल्या यादीतल्या चाळीस माणसांच्या डोळ्यांत आज भिंगं बसतील. एक्केचाळिसावं नाव साखराबाईचं आहे. ती अजून व्हरांड्यात बसली आहे. तक्रार पुन्हा उघडा.